केमिकल पील : वांग, मुरुमांचे डाग आणि आपली गव्हाळ त्वचा

चिन्मयी_ठाणे

मंडळी, केमिकल पीलबद्दल (डाग घालवायला चेहऱ्यावर अ‍ॅसिड लावून वरची त्वचा सोलवतात ते) सविस्तर माहिती आणि अनुभव हवेत. इथे शोधून पाहिलं. फेशियल आणि सनस्क्रीनवर ढीगभर धागे आहेत, पण पीलवर स्वतंत्र धागा सापडला नाही. असलाच तर लिंक द्या, हा उडवायला सांगते.

दुसऱ्या बाळंतपणापासून माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलेत. लेक शाळेत जायला लागली तरी ते हलायचं नाव घेत नाहीत. उन्हाळ्यात गडद, पावसाळ्यात जरा फिके, एवढाच काय तो फरक. ज्येष्ठमध लावून झालं, जायफळ उगाळून झालं, मसुराचं पीठ झालं. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ग्लायकॉलिक अ‍ॅसिडचं पील सुचवलंय, पण लगेच नाही. आधी काही आठवडे रात्री लावायचं क्रीम, दिवसा सनस्क्रीन, आणि मग पहिलं सीटिंग. इकडे आमची पार्लरवाली म्हणते, "कशाला थांबता ताई, मी याच आठवड्यात करून देते, निम्म्या पैशात." दिराचं लग्न तोंडावर आलंय, त्यामुळे मोह होतोय.

तर, हे 'आधी क्रीम लावा' प्रकरण खरंच गरजेचं आहे की नुसता व्हिजिटी वाढवायचा धंदा? वांग कायमचे जातात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोंड किती दिवस बघण्यासारखं राहत नाही?

मनीमाऊ

वाचतेय. मलाही हवी होती ही माहिती.

अवनीची_आई

माझ्या मुलीचं सॅलिसिलिक पील झालंय. वांगासाठी नाही, मुरुमांसाठी. बारावीनंतर तिच्या गालांवर आणि हनुवटीवर इतके पिंपल्स आले की ती फोटोत यायलाच तयार नसायची. आधी गोळ्या-मलमांनी नवे मुरूम आटोक्यात आणले, मग डॉक्टरांनी पील सुरू केलं.

मी सोबत आत बसायचे, म्हणून जे पाहिलं ते सांगते. केस बँडने मागे बांधतात, चेहरा स्पिरिटसारख्या कशाने तरी पुसून तेलकटपणा काढतात. नाकाच्या कडा, ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे इथे व्हॅसलीनचा बारीक थर देतात, कारण तिथे अ‍ॅसिड साचून राहतं. मग गॉजने किंवा ब्रशने कपाळापासून सुरुवात करून पटपट सगळीकडे लावतात. तिच्या हातात एक छोटा बॅटरीवरचा पंखा दिला होता. पहिलं मिनिटभर बरंच झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि मग आपोआपच कमी होत जातं. थोड्या वेळाने चेहऱ्यावर पांढरी पूड दिसायला लागली. मी घाबरले, तर नर्स म्हणाली, "काकू, औषध वाळलंय, कातडी नाही भाजली." मग पाण्याने धुऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी काहीच नाही. त्यानंतर नाकाच्या बाजूने आणि तोंडाभोवती बारीक कोंड्यासारखी सालं निघाली. कॉलेजला सुट्टी घ्यावी लागली नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने सीटिंग्ज होती. काळे डाग पुष्कळ फिके पडले. खड्डे मात्र आहेत तसेच आहेत, ते पीलने जात नाहीत असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

खवट_खोबरं

म्हणजे पैसे मोजून तोंडाला अ‍ॅसिड फासून घ्यायचं, कातडी सोलून घ्यायची, आणि वर पंखाही स्वतःच धरायचा. धन्य आहे.

(हलकं घ्या. पण गोरं दिसायचा हा सोस कधी संपणार आपला?)

कातडीबचाव

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे लांबण लावतो. माफी असावी.

आधी खवट_खोबरं यांना. पीलने माणूस गोरा होत नाही. तुमचा मूळ रंग म्हणजे उन्हाने न रापलेल्या दंडाच्या आतल्या बाजूचा रंग. कुठलंही पील त्याच्यापलीकडे नेत नाही. जो डॉक्टर किंवा जी पार्लरवाली 'दोन शेड उजळ' म्हणून विकते, तिथून उठावं. पील होतं ते डागांसाठी, मुरुमांसाठी, खरखरीतपणासाठी आणि उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांसाठी.

आता काम कसं चालतं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या मृत पेशी एकमेकींना चिकटून असतात. ग्लायकॉलिक, लॅक्टिक, मँडेलिक ही अ‍ॅसिडं तो चिकटपणा सैल करतात. पेशी लवकर गळतात, खालून नव्या येतात आणि रंगद्रव्य भरलेल्या जुन्या पेशी त्याबरोबर निघून जातात. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून ते तेलकट रंध्रांच्या आत शिरतं आणि मुरुमांना जास्त उपयोगी पडतं. टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक अ‍ॅसिड. त्याची गोष्ट वेगळी. ते प्रथिनं गोठवतं, त्वचेवर पांढरा थर उमटतो, आणि तो किती दाट आला यावरून किती खोल गेलं ते कळतं. ते ग्लायकॉलिकसारखं सोड्याच्या पाण्याने निष्प्रभ करून थांबवता येत नाही. लावायच्या आधीच किती आणि किती वेळा ते ठरलेलं असावं लागतं.

वरवरचं, मध्यम आणि खोल असे तीन प्रकार. खोल पील फिनॉलचं असतं. ते रक्तात शोषलं जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून मॉनिटर लावून करावं लागतं, आणि रंग कायमचा पांढुरका पडू शकतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेला त्याच्या वाटेला नेऊच नये. मध्यम पीलही आपल्याकडे फार जपून. आपलं काम बहुतेक वेळा वरवरच्या पीलवरच भागतं, पुन्हा पुन्हा थोडं थोडं करून.

आणि इथेच चिन्मयी यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्या त्वचेतल्या रंगपेशी फार तापट. जरा भाजलं, खरचटलं, डास चावला, मुरूम फोडला, की त्या रंग ओततात. डासाच्या चाव्याचा काळा डाग तुमच्या पायावर किती महिने राहतो ते आठवा. पील हीसुद्धा मोजूनमापून केलेली इजाच आहे. म्हणून आधी दोन ते चार आठवडे त्या पेशींना शांत करायचं. रात्रीच्या क्रीममध्ये बहुधा ट्रेटिनॉइन किंवा हायड्रोक्विनोन किंवा दोन्ही असतात. त्याने वरचा थर एकसारखा पातळ होतो, मग अ‍ॅसिड सगळीकडे सारखं उतरतं, आणि रंग ओतण्याचं कामही मंदावतं. शिवाय या काळात एक गोष्ट कळते जी कुठल्याही तपासणीत कळत नाही : हा पेशंट रोज सनस्क्रीन लावणारा आहे की नाही. जो लावत नाही त्याला मी पील करत नाही.

तेव्हा नाही, हा व्हिजिटी वाढवायचा धंदा नाही. उलट या पायरीवर डॉक्टरला काहीच मिळत नाही, पील लगेच केलं तर पैसे लगेच मिळतात.

वांग कायमचे जात नाहीत. तो बीपीसारखा आजार आहे, आटोक्यात राहतो, औषध सोडलं की डोकं वर काढतो. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घरात आईला-मावशीला असणं, ही त्याची नेहमीची कारणं. वरच्या थरातला वांग पीलला चांगली दाद देतो, खोल उतरलेला फारशी देत नाही. वूड्स लॅम्पखाली (डाग किती खोल ते बघायचा अतिनील दिवा) काही अंदाज येतो.

चिन्मयी_ठाणे

डॉक्टर, मनापासून आभार. डासाचं उदाहरण एकदम पटलं, माझ्या पायावर नकाशा आहे तसल्या डागांचा. आता लग्नाचं सांगा. दोन महिन्यांहून जरा कमी वेळ आहे.

कातडीबचाव

पहिलंच पील लग्नाच्या तोंडावर नको. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीम आणि सनस्क्रीन आत्ता सुरू करा, लग्नापर्यंत तेवढ्यानेच फरक दिसेल. एखादं सीटिंग बसवायचंच असेल तर ते आणि लग्न यात किमान तीन-चार आठवडे मोकळे ठेवा. हळद, मेकअप, हॉलबाहेरचं दुपारचं ऊन, हे सगळं ताज्या त्वचेवर नको.

सांगलीची_सून

पार्लरचा विषय निघालाय म्हणून भाचीची हकीगत लिहिते.

साखरपुड्याच्या आधी तिने एका पार्लरमध्ये पील करून घेतलं. पार्लरचं नाव लिहीत नाही. बाटलीवर लेबल नव्हतं. किती टक्के, कुठलं अ‍ॅसिड, काही सांगितलं नाही, 'इम्पोर्टेड आहे' एवढंच. आदल्या दिवशी त्याच ठिकाणी थ्रेडिंग आणि अप्पर लिप झालं होतं. लावून झाल्यावर ती बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. पोरगी भगभगतंय म्हणून ओरडली तर "थोडं सहन करावं लागतं गं" असं उत्तर.

तिसऱ्या दिवशी खपल्या. त्या तिने नखाने काढल्या, कारण साखरपुडा होता. नंतर ऊन, धावपळ. पंधरा दिवसांत गालाच्या हाडांवर काळे पट्टे उमटले. आणि ते पट्टे कसले, तर ब्रशचे फराटे! जिथे ब्रश दोनदा फिरला होता तिथे जास्त काळं, मध्ये बोटभर जागा मूळ रंगाची. अप्पर लिपच्या जागी मिशी काढल्यासारखी रेघ. मेकअपमधूनही दिसायचं.

पुढे स्किन स्पेशालिस्टकडे नेलं. वर्ष होत आलं तेव्हा कुठे ते ओळखू येईनासे झाले. लग्नाच्या अल्बममध्ये आहेत.

चिन्मयी, निम्म्या पैशाचा मोह टाळ बाई.

मनीमाऊ

बाप रे. फराटे वाचून काटा आला अंगावर.

रूपरेखा_नाशिक

मी स्वतः पार्लर चालवते, म्हणून थोडं आमच्याही बाजूने. सांगलीची_सून, तुमच्या भाचीचं झालं ते अक्षम्यच आहे. पण सगळ्याच पार्लरवाल्यांना एका मापाने मोजू नका.

आमच्याकडे जी फळांच्या अ‍ॅसिडची पील म्हणून येतात ती फार सौम्य असतात, चेहरा तुकतुकीत दिसण्यापुरती. त्याने वांग जात नाहीत आणि मी तसं सांगतेही. वांग, मुरूम, डाग दिसले की मी डॉक्टरकडे पाठवते. गिऱ्हाईक रागावतं. "मग तुम्ही काय शिकलात?" असंही ऐकलंय. हळदीच्या चार दिवस आधी येऊन 'काहीतरी स्ट्राँग करा' म्हणणाऱ्या नवऱ्या मुली दर सीझनला असतात, आणि त्यांच्याहून जास्त आग्रह त्यांच्या आयांचा असतो. मी नाही म्हटलं की त्या पलीकडच्या गल्लीत जातात. आणि घाऊक बाजारात टीसीएच्या बाटल्या आम्हाला कुणीही विकतं, कोणी काही विचारत नाही. हे व्हायला नको.

कातडीबचाव

रूपरेखा, तुमच्यासारख्या पाठवणाऱ्या पार्लरवाल्यांमुळे आमचे निम्मे घोळ वाचतात. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली पीलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात प्रशिक्षण, पेशंटची निवड, लेखी संमती आणि फोटो हे सगळं स्पष्ट आहे. लेखी संमती न घेता कुणी पील करत असेल तर खुर्चीत बसूच नका.

भाचीच्या बाबतीत त्वचेने दाह झाल्यावर रंग ओतला. त्यावर घाईघाईने पुन्हा पील केलं की अजून काळं होतं, हे बरेच जण विसरतात. आधी थंड होऊ द्यायचं.

आणि एक, जे पीलपेक्षाही मला जास्त छळतं. मेडिकलमधून वांगाची, गोरेपणाची म्हणून जी तीन औषधांची मिश्र मलमं लोक परस्पर आणतात, त्यात बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असतं. या त्रिकुटाचा मूळ फॉर्म्युला अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन यांचा, १९७५ सालचा. डॉक्टरच्या नजरेखाली थोडे आठवडे वापरायला उत्तम. पण शेजारणीने सांगितलं म्हणून वर्षानुवर्षं लावलं की चेहरा लाल, पातळ, मिशा-दाढीची लव, मुरूम, आणि सोडलं की आगीचा डोंब. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर निळसर-राखाडी काळेपणा येतो, तो काढणं जवळपास अशक्य. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. मेडिकलवाला विचारतो का, ते तुम्हीच सांगा. अशा मलमाने पातळ झालेल्या चेहऱ्यावर पील केलं तर वरवरचं पीलसुद्धा खोल जातं. म्हणून डॉक्टरांनी 'आधी काय लावत होतात?' विचारलं की ट्यूब घेऊन जा, लपवू नका.

रसायनीकर

पेशाने केमिस्ट (मेडिकलवाला नव्हे, कारखान्यातला). दोन मुद्दे मांडतो.

टक्केवारी बघून पील घेऊ नका, निम्मी गोष्ट पीएचमध्ये (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं जहाल) असते. ग्लायकॉलिकचं पीकेए ३.८३. म्हणजे द्रावणाचा पीएच साधारण ३.८ असेल तर निम्मं अ‍ॅसिड मोकळं असतं आणि निम्मं क्षाराच्या रूपात. त्वचेत शिरतं ते मोकळं अ‍ॅसिड. पीएच खाली गेला की मोकळ्याचं प्रमाण झपाट्याने वाढतं. त्यामुळे बफर केलेलं (म्हणजे मुद्दाम पीएच वर आणलेलं) ७०% आणि बिगरबफरचं ७०% यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याचा पीएच एकच्याही खाली असतो. बाटलीवर नुसतं '७०% ग्लायकॉलिक' लिहिलेलं असेल तर माझ्या लेखी त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

रेणूचा आकारही महत्त्वाचा. ग्लायकॉलिकचा रेणुभार ७६, लॅक्टिकचा ९०, मँडेलिकचा १५२. छोटा रेणू भसकन आत शिरतो, मोठा सावकाश. म्हणून आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर मँडेलिक किंवा लॅक्टिकपासून सुरुवात करतात.

अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांतल्या घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने घरी वापरायच्या मालासाठी ग्लायकॉलिक-लॅक्टिकची मर्यादा १०% आणि पीएच ३.५ च्या खाली नको अशी घातली. ऑनलाइन मात्र ३०, ५०, ७० टक्क्यांच्या बाटल्या राजरोस मिळतात. २०२४ च्या जुलैत अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) अशी जोरकस पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घरी वापरू नका म्हणून जाहीर इशारा दिला, त्यात टीसीए, ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक, लॅक्टिक सगळे आले.

अवांतर : 'ग्लायकॉलिक उसापासून बनतं, म्हणजे नैसर्गिक' अशी जाहिरात वाचून आमच्या कोल्हापूरच्या मित्राची छाती फुगली होती. उसाच्या रसात असतं हे खरं, पण बाजारातलं जवळपास सगळं कारखान्यात रसायनांपासूनच होतं. रेणू तोच. नैसर्गिक म्हणून कमी भाजत नाही.

खवट_खोबरं

रसायनीकर, मग आमच्या आजीचं लिंबू आणि साय बरी म्हणायची की! ना पीकेए, ना बफर.

रसायनीकर

साय लावा, दही लावा, त्यातलं लॅक्टिक अ‍ॅसिड इतकं कमी की काही बिघडत नाही. लिंबू मात्र नको. त्याचा पीएच दोनच्या आसपास, शिवाय सालीत आणि रसात असे घटक असतात की त्यावर ऊन पडलं की फोड येतात आणि मग काळे चट्टे. उन्हात लिंबू-सरबत करताना हातावर ओघळलेल्या रसाचे चट्टे ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको.

जर्सीवासी

इकडचा अनुभव. आमच्या भागात मेड-स्पा (त्वचेचे उपचार करणारी पार्लरं) प्रत्येक नाक्यावर. मी पिगमेंटेशनसाठी गेले तेव्हा समोरच्या मुलीने फॉर्ममध्ये फिट्झपॅट्रिक टाइप (त्वचेचा रंग आणि ती उन्हात कशी भाजते-रापते यावरून एक ते सहा प्रकार) विचारला. मला काय माहीत! तिनेच माझ्याकडे बघून 'थ्री' लिहिलं. नंतर इथल्या एका तमिळ डर्मॅटॉलॉजिस्टकडे गेले, त्या हसल्या आणि म्हणाल्या, तू धडधडीत पाच आहेस. तिकडे तीन धरून पील झालं असतं तर माझं काय झालं असतं देव जाणे.

त्या बाईंनी सांगितलेली गंमत अशी की हे वर्गीकरण १९७५ साली हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिकने गोऱ्या लोकांसाठी केलं होतं, अतिनील किरणांच्या उपचाराचा डोस ठरवायला. सावळे-काळे प्रकार पाच आणि सहा नंतर जोडले. म्हणजे आपण सगळे त्या यादीत शेपटाला चिकटवलेले. आणि 'भारतीय' या एका डब्यात काश्मिरी, कोकणस्थ, आदिवासी, तमिळ सगळे कोंबायचे म्हणजे कमालच. परदेशात असाल तर सावळी त्वचा रोज बघणारा डॉक्टर शोधा, नुसते चांगले रिव्ह्यूज बघू नका.

हेल्मेटधारी

पुरुषांनीही लिहायला हरकत नसावी. साइट इंजिनिअर आहे, उन्हातान्हात काम. कॉलेजात मुरुमांनी गाल चाळण झालेले. नुसत्या पीलने खड्डे जात नाहीत हे अवनीच्या_आईने लिहिलंय ते बरोबर.

माझे होते ते अरुंद आणि खोल, सुईने टोचल्यासारखे. त्यासाठी डॉक्टरांनी 'क्रॉस' केलं. त्यात सगळ्या चेहऱ्याला काही लावत नाहीत. जोरकस टीसीए घेतात, लाकडी टूथपिकचं टोक त्यात बुडवतात, गाल ताणून धरतात आणि एकेका खड्ड्याच्या तळाशी नेमकं टेकवतात. काही सेकंदांत तिथे पांढरा ठिपका. शेजारच्या कातडीला थेंबही लागू द्यायचा नसतो, त्यामुळे डॉक्टर श्वास रोखून काम करत होते आणि मीही. नंतर प्रत्येक ठिपक्यावर बारीक खपली, आठवडाभराने गळते. खालून नवं कोलॅजन तयार होऊन खड्डा वर येतो, पण सावकाश, काही महिने घेत. पसरट खड्ड्यांना याचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी सुईने खालचे धागे सोडवले.

दाढी त्या दिवशी करायची नाही, आदल्या दिवशीही नाही. हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर घासून खपली निघते, म्हणून मी ते शनिवारी करून घ्यायचो. आणि सनस्क्रीन. साइटवर पोरं हसली. हसू देत.

चिन्मयी_ठाणे

किती छान माहिती जमलीय! अजून थोडं विचारते. सनस्क्रीन किती, कधी? मी ऑफिसात आत बसते, ट्रेनने जाते. आणि पीलनंतर घरी नक्की काय पाळायचं?

कातडीबचाव

चेहरा आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा. बहुतेक जण याच्या पावपट लावतात आणि सनस्क्रीन निकामी आहे म्हणतात. एसपीएफ ३० च्या वरचं, यूव्हीए (उन्हातले अतिनील किरण) अडवणारं. वांगासाठी रंगीत घ्या, त्यातल्या आयर्न ऑक्साइडने डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडतो. तोही वांग वाढवतो, आणि साध्या पांढऱ्या सनस्क्रीनने तो थांबत नाही. यूव्हीए ढगांतून येतो, खिडकीच्या काचेतून येतो, तेव्हा ट्रेनची खिडकी आणि पावसाळा ही सबब चालणार नाही. दुपारी पुन्हा लावा. चेहरा धुऊन पुन्हा लावणं जमत नसेल तर वरूनच लावा, पण लावा.

पीलनंतर आठवडाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, स्क्रब, वाफ, फेशियल बंद. चेहरा साध्या सौम्य फेसवॉशने, दोनदाच. मॉइश्चरायझर सढळ हाताने. रात्रीचं ट्रेटिनॉइन पीलच्या आधी तीन-चार दिवस थांबवायचं आणि पुन्हा केव्हा सुरू करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. साल निघाली तर निघू द्या, ओढू नका. घाम येईल असा व्यायाम दोन-तीन दिवस नको. स्वयंपाकघरात गॅससमोर तासन्‌तास उभं राहणंही पहिले दिवस टाळता आलं तर बघा. घरातल्या इतरांना पोळ्या येत असतीलच.

आग, सूज किंवा पाणी सुटलेले फोड दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करा.

मनीमाऊ

'इतरांना पोळ्या येत असतीलच' :) :)

खर्चाचा अंदाज कोणी देईल का?

अवनीची_आई

आमच्याकडे एका सीटिंगचे दोन-अडीच हजार घेत होते. शहर, डॉक्टर, पीलचा प्रकार यावर आहे. पॅकेज एकदम घेऊ नका, आधी एक करून त्वचा काय म्हणते बघा.

सांगलीची_सून

खाजगी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत चौकशी करा. भाचीचं पुढचं सगळं तिथेच झालं. केसपेपर, रांग, सकाळ जाते. पण प्रोफेसर स्वतः बघतात आणि फोटो काढून ठेवतात, पुढच्या वेळी शेजारी ठेवून दाखवतात.

दहावीचा_बाप

डॉक्टर, मुलाला मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत. कुणी म्हणतं सहा महिने पील चालत नाही, कुणी म्हणतं चालतं.

कातडीबचाव

सहा महिन्यांचा नियम जुना, आणि तो मुख्यत्वे खोल उपचारांवरून सगळ्याला लावला गेला. २०१७ साली अमेरिकेतल्या त्वचाशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने पुरावे तपासून सांगितलं की वरवरच्या पीलसाठी इतकं थांबायची गरज नाही. मध्यम-खोलसाठी थांबायचं. पण गोळ्यांनी त्याची त्वचा कोरडी पडलेली असेल, ओठ फुटत असतील, तर घाई कशाला? गोळ्यांनीच मुरूम आटोक्यात येतात, डागांचं नंतर बघता येतं. आणि पील करणाऱ्याला गोळ्या चालू आहेत हे सांगितल्याशिवाय काही करू नका.

मडगावची_मीनल

गोव्याहून नमस्कार. मला ताप आला किंवा उन्हात फिरले की ओठांच्या कडेला फोड उठतात, चार-आठ दिवसांनी बसतात. तोंडाभोवती मुरुमांचे डाग आहेत. पील करता येईल का?

कातडीबचाव

ते हर्पीसचे फोड असण्याची शक्यता मोठी आहे. फोड असताना पील अजिबात नाही, अ‍ॅसिडने विषाणू चेहराभर पसरू शकतो. पूर्ण बसल्यावर करता येतं. पण वारंवार येत असतील तर पीलच्या आधीपासून काही दिवस विषाणूविरोधी गोळ्या द्याव्या लागतात. डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही, तुम्ही पहिल्याच भेटीत सांगा. पुढच्या वेळी उठले की मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तो दाखवा.